सहा कॉटची खोली आणि संसदेतल्या तीन वेगवेगळ्या चर्चा

निवृत्त गृहपाल

मागासवर्गीय मुलांच्या शासकीय वसतिगृहात गृहपाल म्हणून मी एकोणीस वर्षं काढली. निवड यादी फलकावर लावायचा दिवस आला की यादी हातात घेऊन मी दोन मिनिटं ऑफिसातच थांबायचो. क्षमता शंभर, अर्ज तिपटीच्या वर. बाहेर व्हरांड्यात मुलांचे वडील उभे असायचे. काहींनी तर गादी, बादली सगळं बरोबरच आणलेलं असायचं. नाव नसलेल्या पोराचा बाप एकच विचारायचा, "मग सर, आता याला ठेवायचा कुठं?" एकोणीस वर्षांत या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमधल्या कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. ते तळघर सामान ठेवायला आणि पार्किंगला मंजूर होतं, तिथे वाचनालय चालत होतं. २९ तारखेला राज्यसभेत त्यावर अल्पकालीन चर्चा झाली, ती मी घरी बसून शेवटपर्यंत बघितली. बरेच सदस्य तळमळीने बोलले, ते नाकारत नाही. पण बराचसा वेळ जबाबदारी दिल्ली सरकारची की महापालिकेची की केंद्राची, यातच गेला. मी ज्याची वाट बघत होतो ती गोष्ट साधी होती. घरापासून लांब शिकायला येणाऱ्या मुलाने राहायचं कुठं, हा प्रश्न मुळात कुठल्या मंत्रालयाचा?

उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी देशात ४ कोटी ३३ लाख आहेत (२०२१-२२ चं केंद्राचं सर्वेक्षण). त्यातले किती घर सोडून राहतात आणि त्यांच्यासाठी खाटा किती, याचा हिशोब एका जागी कुणी सभागृहासमोर ठेवलेला मी तरी ऐकला नाही.

आपल्याकडे ज्याला वसतिगृह मिळत नाही त्याच्यासाठी स्वाधार योजना आहे. योजना चांगलीच आहे, माझ्या कितीतरी मुलांचं शिक्षण तिच्यामुळे टिकलं. पण आकडे बघा. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, त्यातले निवासासाठी २० हजार. महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपये. एवढ्यात खोली येत नाही, कॉट येते. तीसुद्धा अशा घरात, जिथे मालक कागद करत नाही.

आता मनात बरीच वर्षं टोचत असलेली गोष्ट सांगतो. एका मुलाच्या उशीखाली गांजाची पुडी सापडली. नियमाप्रमाणे मी त्याचा प्रवेश रद्द केला. अहवालात "इतर विद्यार्थ्यांच्या हितासाठी" असं लिहिलं आणि सही केली. तो ट्रंक घेऊन गेला. कुठे गेला ते मी विचारलं नाही. पुढे कळलं, की तो एका कॉट बेसिसच्या खोलीत राहायला गेला आणि वर्षभरात तिथे धाड पडली.

राहण्याची सोय, अमली पदार्थांचा कायदा आणि कोर्टातला उशीर, संसदेत या तिन्हींवर वेगवेगळ्या दिवशी बोलतात. त्या पोरासाठी तिन्ही एकाच खोलीत होत्या. म्हणून हा धागा काढला. जाणकारांनी लिहावं.

सहावी कॉट

सर, मी आत्ता अशाच खोलीत राहतोय. एका खोलीत सहा कॉट, दोन गोदरेजची कपाटं, त्यातल्या एकाचं कुलूप तुटलेलं. भाडं रोख, पावती नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं दिलंय, त्याचाही कागद नाही. भाडेकरार आहे म्हणे, पण तो ज्याच्या नावावर आहे तो मुलगा दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेला. मी त्याला कधी बघितलेलंही नाही.

यंदा स्वाधारचा अर्ज भरायला गेलो तर भाडेकराराची प्रत मागितली. मालकांना म्हणालो तर ते म्हणाले, करार पाहिजे तर दुसरी खोली बघ.

आणि आमच्यातला एक जण गांजा ओढतो. बाकीच्यांना माहीत आहे. आम्ही काय करायचं तेच कळत नाही. पोलिसांत सांगितलं तर आधी आम्हालाच उचलतील असं वाटतं. मालकाला सांगितलं तर सहाही जण रस्त्यावर.

कोर्टाची पायरी

जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर वकील आहे. गृहपाल सर, तुमचा मुलगा तो नसेलही, पण मी चालवलेली एक केस जशीच्या तशी सांगतो, फक्त ओळख पटेल असं काही ठेवत नाही.

सहा मुलांची खोली. कपाटात १४० ग्रॅम गांजा. खोलीत त्या वेळी तिघेच होते, तिघांनाही अटक. माझा अशील प्रथम वर्ष विज्ञानाला. त्याचं म्हणणं, कपाट सगळ्यांचं, खालचा कप्पा माझा नाही. मालकाने जबाब दिला, की या मुलाला मी ओळखतच नाही, माझा करार दुसऱ्याशी आहे. झालं! कुठला कप्पा कुणाचा हे सांगणारा कागद नाही आणि माणूसही नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात सगळा खेळ ताब्याचा आहे. माल तुमच्या ताब्यात सापडला असं दिसलं, की कलम ५४ खाली गृहीतक तुमच्या विरुद्ध जातं. कलम ३५ खाली तुमचा हेतूही गृहीत धरला जातो आणि उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं. इतर गुन्ह्यांत सरकारने सिद्ध करायचं असतं, इथे अठरा वर्षांच्या पोराने. सहा जणांच्या कपाटाबद्दल तो काय सिद्ध करणार?

पुढचं ऐका. त्याच्या मोबाईलवरून एका नंबरला ५०० रुपये गेलेले. मुलं म्हणाली, सगळ्यांनी वर्गणी काढली, याच्याकडे ॲप होतं म्हणून याने पाठवले. रिमांडच्या अर्जात कलम २७अ लावायचं म्हणून लिहून आलं, अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवणं. शिक्षा किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २०. आणि २७अ लागलं की कलम ३७ च्या जामिनाच्या अटी लागतात: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची आधीच खात्री पटवायची. १४० ग्रॅम गांजाला एरवी जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षा आहे. एक किलोपर्यंत अल्प मात्राच धरतात.

नशिबाने मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२० चा जामिनाचा आदेश हाताशी होता. दुसऱ्याच्या सेवनासाठी दिलेले पैसे म्हणजे व्यापाराला अर्थसाहाय्य नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ते वाचून दाखवल्यावर २७अ टिकलं नाही.

जामीन मंजूर झाला सहाव्या दिवशी. पोरगा बाहेर आला तेविसाव्या. मधले सतरा दिवस जामीनदार मिळाला नाही म्हणून. बाप शेतमजूर, सातबारा नाही, गावातला कुणी गांजाच्या केसमध्ये उभा राहायला तयार नाही. पुढे २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनाची रक्कम भरायला ४० हजारांपर्यंत मदत. मी आनंदाने मार्गदर्शक सूचना उघडल्या. एनडीपीएसचे आरोपी त्यातून वगळलेत. मनी लाँडरिंग आणि यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) आरोपींच्या रांगेत हा १४० ग्रॅमवाला बसवलाय.

सीए रिपोर्ट, म्हणजे मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला आठ महिने. दोषारोप निश्चित व्हायला दोन वर्षं. पंच समन्स घेऊन सापडेना, सापडला तर फिरला. तपास करणाऱ्या साहेबांची बदली झालेली, ते तारखेला येईनात. चार वर्षांनी पोरगा निर्दोष सुटला. मुद्देमालाच्या सीलचा आणि नमुन्याच्या सीलचा मेळच बसला नाही. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्ष, त्यासाठी चार वर्षं दर दीड महिन्याला तो कॉलेज बुडवून, पुढे कामावरची रजा टाकून कोर्टात येत राहिला. पोलीस भरतीच्या संधी त्यात गेल्या. फॉर्मवरच्या "आपल्यावर गुन्हा प्रलंबित आहे काय" या रकान्यात त्याला चार वर्षं "होय" लिहावं लागलं.

एक आई

वकीलसाहेब, तुमचं सगळं वाचलं. वाईट वाटलं. तरी लिहिते.

माझा मुलगा एमडी (मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ) घ्यायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सुरू झालं, चौथ्या वर्षी त्याचं वजन सत्तेचाळीस किलो होतं. रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालायचा, दात इतके आवळायचा की दोन दाढा तुटल्या. त्याला पुडी आणून देणारा दुसरा-तिसरा कुणी नव्हता, त्याच्याच मजल्यावरचा विद्यार्थी होता. "गरीब बिचारा विद्यार्थी" म्हणून त्याला सोडलं असतं तर माझ्यासारख्या आणखी किती आया झाल्या असत्या?

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी शेकडो किलो एमडी पकडलं. शेकडो किलो! या कायद्यात दोन ग्रॅम म्हणजे अल्प आणि पन्नास ग्रॅम म्हणजे व्यापारी मात्रा धरतात, त्यावरून अंदाज करा. कायदा सैल करा असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. संसदेने आणखी कडक करावा, एवढंच माझं म्हणणं.

समुपदेशक

ताई, तुमचा मुलगा आता कसा आहे? हे आधी विचारते, बाकी नंतर.

मी व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. पुरवठा करणाऱ्याला सोडू नये, यात माझं तुमच्याशी काहीच वेगळं मत नाही. पण आमच्याकडे येणारी मुलं किती उशिरा येतात ते बघा. का उशिरा? कारण सांगितलं की कॉट जाते. वसतिगृहात नियम, खोलीवर मालक, कॉलेजात शिस्तपालन समिती. एक मुलगा तीन महिने शनिवार-रविवारचा गावाला जातो म्हणून आमच्याकडे येत होता. खोलीवर कुणाला कळू नये म्हणून औषधाच्या गोळ्या पाकिटातून काढून शेंगदाण्याच्या पुडीत न्यायचा.

कायद्यातच एक दार आहे, ते फार कमी जणांना ठाऊक आहे. कलम ६४अ. व्यसनी माणूस, ज्याच्यावर अल्प मात्रेचा किंवा सेवनाचा आरोप आहे, तो स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. कलम ३९ खाली दोषी ठरल्यावरही कोर्ट त्याला उपचारासाठी सोडू शकतं. माझ्या अकरा वर्षांत ६४अ चा कागद घेऊन आलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतील.

डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत नियम १९३ खाली व्यसनांवर मोठी चर्चा झाली होती. उत्तर देताना गृहमंत्री म्हणाले, की नशा करणारा हा पीडित आहे, त्याच्याकडे सहानुभूतीने बघायला हवं, गुन्हेगार आहे तो व्यापार करणारा. मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं. पण कलम २७ अजून तसंच आहे. नुसत्या सेवनाला कोकेन-हेरॉईनसाठी एक वर्षापर्यंत आणि गांजासारख्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. सभागृहात पीडित, चौकीत आरोपी. पोलीस कलमच बघणार ना, भाषण कसं बघतील?

केंद्राने एम्सकडून करून घेतलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात भांग, गांजा, चरस घेणारे ३ कोटी १० लाखांच्या घरात निघाले. एवढ्यांना तुरुंगात घालणार का? मग कुणाला घालतो? ज्याच्या खोलीला दार-कुलूप धड नाही त्याला.

आणि सहावी कॉट, तुमच्या त्या मित्राला १४४४६ हा नंबर द्या. टोल फ्री आहे. त्याच्याऐवजी तुम्ही फोन केलात तरी चालतो.

एक आई

विचारल्याबद्दल आभार. चौदा महिने झाले, घेतलेलं नाही. डिग्री अर्धवटच आहे.

६४अ बद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यावर केस झाली नाही, पण ती दोन वर्षं फक्त केस होईल या भीतीने मी त्याला कुठे नेलं नाही. डॉक्टरकडेसुद्धा नाही.

कोर्टाची पायरी

ताई, कायदा कडक करण्याबद्दल एकच सांगतो, वाद म्हणून नाही.

हा कायदा ऑगस्ट १९८५ मध्ये संसदेत आला, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरपासून लागू. १९८९ मध्ये कडक केला. जामीन अवघड केला, काही गुन्ह्यांना दुसऱ्या वेळी फाशी सक्तीची केली. ती सक्ती २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काढली. २००१ मध्ये लक्षात आलं, की पुडीवाला आणि ट्रकवाला एकाच मापाने मोजले जातायत, म्हणून अल्प आणि व्यापारी मात्रा आल्या.

आणि २०१४ मध्ये काय झालं ते प्रत्येक खासदाराला तोंडपाठ हवं. वैद्यकीय वापरासाठी "अत्यावश्यक अमली औषध" अशी नवी व्याख्या घालायची होती. ती कलम २ मध्ये (viiia) या जागी घातली. तिथे आधी "अवैध व्यापार" ही व्याख्या होती, ती सरकून (viiib) झाली. पण कलम २७अ मध्ये लिहिलेलं होतं: "कलम २(viiia) मधली कृत्यं". ते बदलायचं राहिलं. म्हणजे व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला, ताईंना ज्याला तुरुंगात बघायचंय त्याच माणसाला शिक्षा देणारं कलम भलत्याच व्याख्येकडे बोट दाखवत होतं. दोन्ही सभागृहांतून ते तसंच पार झालं. सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. जून २०२१ मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने दाखवून दिलं, ३० सप्टेंबरला अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये विधेयक आलं आणि दुरुस्ती थेट १ मे २०१४ पासून लागू धरली. मागच्या तारखेने फौजदारी कायदा लावणं राज्यघटनेच्या कलम २०(१) मध्ये बसतं का, हा प्रश्न विरोधी बाकांवरून विचारला गेला. विधेयक मंजूर झालं.

एका अक्षराचा फरक. त्या अक्षरावर माणसाची वीस वर्षं अवलंबून. माझी मागणी कडक किंवा सैल अशी नाहीच. विधेयक समितीकडे पाठवा आणि तिथे प्रत्येक कलम मोठ्याने वाचा.

तुरुंगाची स्थिती एका ओळीत सांगतो. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीत ५,७३,२२० कैदी, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले. चारात तीन. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलंय, की खटला अवाजवी लांबला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो. पण त्यासाठी वरच्या कोर्टापर्यंत जायला हवं. मोफत वकील मिळतो, कोठडीत असलेल्या कुणालाही मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. हे तरी सगळ्यांनी लक्षात ठेवा.

सहावी कॉट, तुझ्यासाठी: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे, तुझी नाही. केला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगतो ते खरं धरतात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. हे त्यांना शांतपणे सांग, भांडू नकोस. भाडं यापुढे रोख देऊ नकोस, खात्यावर पाठव. "भाडे, अमुक महिना" एवढं लिहून. दुसरा कागद नसला तर तोच तुझा कागद.

निवृत्त गृहपाल

सगळ्यांचे आभार. दोन दिवस विचार करून आमच्या खासदारांकडे देण्यासाठी एका प्रश्नाचा मसुदा केला. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसावा लागतो. लेखी उत्तर मागणारा, अतारांकित. दिवसाला असे २३० घेतात, म्हणून नंबर लागायची आशा आहे.

मी एकच प्रश्न लिहिला होता: वसतिगृह न मिळालेले विद्यार्थी किती, अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकलेले विद्यार्थी किती, त्यांचे खटले किती वर्षं चालले, ६४अ चा लाभ किती जणांना मिळाला.

कोर्टाची पायरी

सर, हा एक प्रश्न म्हणून जाणार नाही. एनडीपीएस कायदा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे. म्हणून तर २०२१ चं विधेयक अर्थमंत्र्यांनी मांडलं. तुरुंग आणि नार्कोटिक्स ब्युरो गृह मंत्रालयाकडे. व्यसनमुक्ती सामाजिक न्यायाकडे. मागासवर्गीयांची वसतिगृहं सामाजिक न्यायाकडे, आदिवासी मुलांची आदिवासी विभागाकडे, कॉलेजची शिक्षणाकडे. कोर्टांचा उशीर विधी व न्यायाकडे. तुम्हाला किमान चार प्रश्न करावे लागतील. तेही ज्याच्या-त्याच्या वारी, कारण प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो.

निवृत्त गृहपाल

मग चार करू. ६४अ चा आधी घ्या, अर्थ मंत्रालयाला: गेल्या पाच वर्षांत या कलमाखाली किती जणांवरचा खटला थांबवला, राज्यवार. शब्द मोजून पाठवतो. वसतिगृहाच्या प्रश्नात मला "क्षमता" हा शब्द नको आहे. क्षमता कागदावर शंभरच असते. "अर्ज किती आले आणि किती नाकारले" असं विचारायचं आहे. ती नाकारलेल्यांची यादी मी दरवर्षी वर पाठवत होतो. कुठेतरी असेल.

समुपदेशक

सर, ६४अ मध्ये "किती केंद्रं मान्यताप्राप्त आहेत, जिल्हावार" हेही घाला. मुलगा तयार झाला आणि जिल्ह्यात केंद्रच नसेल तर सूट कशावर मागणार?

सहावी कॉट

काका, सर, ताई, काल मालकांशी बोललो. कलम ५५ चा कागद प्रिंट काढून नेला होता, चिडले नाहीत. पुढच्या महिन्यात सहाही जणांच्या नावाने करार करू म्हणाले, नोंदणीचा खर्च आम्ही द्यायचा. आम्ही हो म्हणालो.

तुटलेलं कुलूप बदललं. दोन्ही कपाटांच्या कप्प्यांवर प्रत्येकाचं नाव लिहून चिकटवलंय, खालून वर, कॉटच्या नंबरने. रात्री मित्राला १४४४६ लावून दिला. तो गॅलरीत जाऊन बोलला, वीसेक मिनिटं. काय बोलला ते आम्ही विचारलं नाही.